उजवं म्हणजे कुणाचं उजवं?

वॉर्डात कुणी ‘आरएल लाव’ म्हणालं की नर्स रिंगर लॅक्टेटची बाटली आणायला जाते. तेच ‘आरएल’ हाडांच्या विभागातल्या कागदावर असेल तर तो उजवा पाय असू शकतो. छातीच्या विभागात ते उजवं फुफ्फुस होऊ शकतं. अक्षरं दोन, अर्थ तीन, आणि तीनही माणसं आपापल्या जागी बरोबर. या गोंधळात अज्ञानी कुणीच नाही, म्हणून तो लवकर पकडलाही जात नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. केसपेपर, औषधांची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, पुढच्या दवाखान्यासाठी दिलेलं पत्र, असा जो जो कागद रुग्णाच्या हातात पडतो, त्यावर शरीराची बाजू आणि जागा लघुरूपात लिहिणं बंद झालं पाहिजे. पूर्ण शब्दात लिहा, आणि मराठीतही लिहा. ऑपरेशन थिएटरात डॉक्टरांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलावं यात मला पडायचं नाही. पण ज्या कागदावर माझ्या शरीराचा पत्ता लिहिलाय, तो पत्ता मला वाचता आलाच पाहिजे.

मी डॉक्टर नाही. भामरागड तालुक्यात शिक्षक आहे. इकडे शिक्षक असणं म्हणजे मुलांना शिकवणं आणि उरलेल्या वेळात गावाचे कागद वाचणं. बँकेचा, वनहक्काच्या दाव्याचा, रेशनचा, आणि सगळ्यात जास्त दवाखान्याचा. ‘गुरुजी, एवढं वाचून द्या’ म्हणत माणूस घडी घातलेला कागद पुढे करतो. वनखात्याचं पत्र मी वाचून देऊ शकतो. तहसीलदाराची नोटीसही उलगडते. अडतं ते दवाखान्याच्या कागदाशी, कारण त्यावर जे लिहिलेलं असतं त्याला मराठीही म्हणता येत नाही आणि इंग्रजीही.

आधी ज्याचं श्रेय त्याला देऊ. शरीरातल्या दिशा सांगण्याची वैद्यकाची पद्धत ही मोठ्या अकलेची गोष्ट आहे. माणूस झोपला, वळला, उलटा टांगला तरी ‘वर’ आणि ‘खाली’ बदलू नये म्हणून शरीररचनाशास्त्राने एक माणूस कायमचा उभा करून ठेवला आहे. ताठ उभा, तोंड समोर, हात बाजूला सोडलेले, तळवे पुढे केलेले. सगळ्या दिशा या माणसाच्या. पुढची बाजू अँटिरिअर, पाठीची पोस्टेरिअर. शरीराच्या मधल्या रेषेकडची मीडिअल, तिच्यापासून लांबची लॅटरल. हातापायांत धडाजवळचं ते प्रॉक्सिमल, टोकाकडचं ते डिस्टल. आणि उजवं म्हणजे नेहमी रुग्णाचं उजवं. समोर उभ्या असलेल्या डॉक्टरचं नाही. छातीचा एक्स-रे उजेडावर धरला की बघणाऱ्याच्या उजव्या हाताला रुग्णाची डावी बाजू येते. म्हणून त्या फिल्मवर ‘आर’ किंवा ‘एल’ अशी खूण उमटवलेली असते.

ही शिस्तही सहज आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपभर एकाच अवयवाला पाच-पाच नावं होती. १८९५ साली बाझल शहरात शरीररचनाशास्त्रज्ञांनी बसून सुमारे पन्नास हजार नावांमधून साडेपाच हजारांच्या आसपास नावं ठेवली आणि बाकीची काढून टाकली. एका गोष्टीला एक नाव, हा त्यामागचा साधा हेतू. त्यानंतर शंभर वर्षांत याद्या सुधारत गेल्या, पण हेतू तोच राहिला. माझी तक्रार या शास्त्राविरुद्ध नाही. या शास्त्राने जे कष्टाने साफ केलं, ते लघुरूपांनी मागच्या दाराने परत आणलं, ही माझी तक्रार आहे. साडेपाच हजार नावं नेमकी होती. त्यांची दोन-दोन अक्षरं केली आणि पुन्हा एका नावाचे पाच अर्थ झाले.

उदाहरणं हवीत? ‘पीए’ घ्या. एक्स-रेच्या कागदावर त्याचा अर्थ किरण पाठीकडून शिरून छातीकडून बाहेर पडले. ओपीडीच्या कागदावर ‘पी ए’ म्हणजे पोट हाताने तपासलं तेव्हा काय आढळलं. हृदयाच्या डॉक्टरसाठी ती फुफ्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी. मंत्रालयात तो साहेबांचा माणूस. ‘एलएल’ म्हणजे कुणासाठी डावा पाय, कुणासाठी पाय, मग तो कुठला का असेना, आणि दातांच्या डॉक्टरसाठी खालचा डावा जबडा. ‘आरएलएल’ हे छातीच्या विभागात उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग असतं आणि हाडांच्या विभागात उजवा पाय. ‘आरए’ म्हणजे हृदयाचा उजवा वरचा कप्पा, ईसीजीच्या वायरवर उजवा हात, आणि सांधेदुखीच्या रुग्णाच्या कागदावर चक्क आजाराचं नाव.

आणि सगळ्यात वाईट ‘ओडी’. लॅटिनमध्ये उजव्या डोळ्यासाठी जे दोन शब्द आहेत त्यांचं हे लघुरूप. डाव्यासाठी ‘ओएस’, दोन्हींसाठी ‘ओयू’. पण आपल्या देशातल्या कुठल्याही मेडिकल दुकानात ‘ओडी’ विचारा. उत्तर एकच मिळेल: दिवसातून एकदा. म्हणजे हीच दोन अक्षरं एका चिठ्ठीत जागा सांगतात आणि दुसऱ्या चिठ्ठीत वेळ.

हे कागदावरचे खेळ वाटत असतील तर मी पाहिलेलं एक सांगतो. आमच्या शेजारच्या आजींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कुठे, ते महत्त्वाचं नाही. घरी येताना थेंबांची चिठ्ठी मिळाली. औषधाचं नाव, पुढे ‘ओडी’, त्यापुढे दिवसातून चार वेळा असं सांगणारं आणखी एक लॅटिन लघुरूप, आणि पुढे आठवडे. वाटेत दुकानात चिठ्ठी दाखवली. दुकानातल्या मुलाने ‘ओडी’ वाचलं आणि खोक्यावर पेनने मराठीत लिहून दिलं, ‘दिवसातून १ वेळा’. आठवीतल्या नातवाने ते मराठी वाचलं आणि आजीच्या डोळ्यात रोज सकाळी इमानाने एक थेंब टाकला. दहाव्या दिवशी डोळा लाल होऊन ठणकायला लागला. पुन्हा प्रवास, पुन्हा मुक्काम, पुन्हा कुणाची तरी मजुरी बुडाली. डोळा वाचला. पण या सगळ्यात चूक कुणाची ते सांगा. डॉक्टरने बरोबर लिहिलं होतं. दुकानदाराने त्याला रोज दिसणारा अर्थ घेतला. नातवाने वाचता येणारी एकमेव ओळ पाळली. कागदावर नुसतं ‘उजवा डोळा, दिवसातून ४ वेळा’ लिहिलेलं असतं तर आठवीतला तो मुलगा दुकानदाराला थांबवू शकला असता. मराठी त्याला येत होतं.

आता नकाशा समोर ठेवा. हेमलकसा आणि भामरागड यांच्यामध्ये पर्लकोटा नदी आहे. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकमेकींना भेटतात. पलीकडे छत्तीसगड. पर्लकोटेला पूर आला आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही वर्षानुवर्षं पावसाळ्यातली ठरलेली बातमी. हेमलकशाहून आलापल्ली साठेक किलोमीटर, तिथून जवळ अहेरी. जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली भामरागडपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात. त्यापुढे नागपूर जवळपास तितकंच लांब. आतल्या गावातला रुग्ण गंभीर असेल तर आधी खाटेवरून किंवा मोटरसायकलवर रस्त्यापर्यंत, मग भामरागडचं ग्रामीण रुग्णालय किंवा हेमलकशाचा दवाखाना, मग अहेरीचं उपजिल्हा रुग्णालय, मग गडचिरोली किंवा चंद्रपूर, आणि शेवटी नागपूरचं मेडिकल. या वाटेत डॉक्टर बदलतात, भाषा बदलते, १०८ची गाडीही बदलते. शेवटपर्यंत बरोबर राहतात त्या दोनच गोष्टी: रुग्ण आणि त्याचा कागद. रुग्ण माडिया बोलतो. नागपुरात ती कुणाला कळत नाही. म्हणजे बोलायचं काम कागदाने करायचं, आणि कागद बोलतो दोन अक्षरांत. शहरात एक शंका आली की डॉक्टर आधीच्या डॉक्टरला फोन लावतो. इथे कित्येक गावांत फोनची रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते.

विभागाच्या आत लघुरूप चालतं, कारण तिथे सगळ्यांना संदर्भ माहीत असतो. डोळ्यांच्या वॉर्डात ‘ओडी’चा अर्थ कुणी विचारत नाही. पण कागद वॉर्डाबाहेर पडला की संदर्भ मागे राहतो आणि अक्षरं तेवढी पुढे जातात. पुढच्या दवाखान्यासाठी लिहिलेलं पत्र तर संदर्भाबाहेर जाण्यासाठीच जन्माला आलेलं असतं. त्यात लघुरूप लिहिणं म्हणजे पाकिटावर ‘पाटलांकडे, नेहमीच्या ठिकाणी’ एवढाच पत्ता लिहून ते पोस्टात टाकण्यासारखं आहे.

यावर मला मिळणारी उत्तरं पाठ झाली आहेत. एकेक घेऊ.

पहिलं उत्तर: डॉक्टरला वेळ नसतो. ही गोष्ट खरी आहे, आणि सरकारी ओपीडीची रांग पाहिलेला माणूस तिची चेष्टा करणार नाही. पण मी सगळा केसपेपर मराठीत निबंधासारखा लिहा म्हणत नाहीये. बाजू आणि जागा, एवढंच. ‘उजवा’ हा तीन अक्षरांचा शब्द आहे. तो लिहायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा आणि मग आजीच्या दुसऱ्या फेरीचे किलोमीटर मोजा. डॉक्टरचे दोन सेकंद वाचले. त्याची किंमत दुसऱ्याने दोन दिवसांत भरली. आपल्याकडे ज्याला काटकसर म्हणतात ती बऱ्याचदा अशीच असते, खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेला.

दुसरं उत्तर: हे लेखन डॉक्टरांचं डॉक्टरांसाठी असतं आणि त्यांना ते बरोबर कळतं. कळतं तर मग अमेरिकेतल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस’ला चुका घडवणाऱ्या लघुरूपांची यादी का करावी लागली? त्या यादीत डोळ्यांची ‘ओडी, ओएस, ओयू’ आहेत आणि कानांची ‘एडी, एएस, एयू’सुद्धा, कारण डोळ्याचं कानाचं वाचलं जातं. ती यादी गडचिरोलीतल्या अर्धशिक्षितांसाठी केलेली नाही. तिथल्या डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट यांच्यासाठीच केली आहे.

आणि डावं-उजवं चुकायला लघुरूपसुद्धा लागत नाही. २००० साली वेल्समधल्या लानेली गावच्या प्रिन्स फिलिप हॉस्पिटलात एका वृद्ध रुग्णाची उजवी किडनी काढायची होती. एक्स-रे उलटा लावला गेला आणि चांगली असलेली डावी किडनी काढली गेली. ऑपरेशन पाहणाऱ्या एका विद्यार्थिनीने चूक दाखवली होती. तिचं ऐकलं गेलं नाही. काही आठवड्यांनी रुग्ण गेला. शिकलेली, अनुभवी माणसं, सुसज्ज हॉस्पिटल, भाषेचा अडसर शून्य. तिथे ही गोष्ट घडू शकते, तर जिथे रुग्णाची भाषा डॉक्टरला कळत नाही आणि डॉक्टरचा कागद रुग्णाला कळत नाही तिथे आपण कशाच्या भरवशावर बसलो आहोत?

अशा चुकांमधूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेआधी तपासायची यादी काढली. भूल देण्याआधीचा तिचा पहिलाच मुद्दा असा, की रुग्णाने स्वतः सांगायचं: मी कोण, ऑपरेशन कुठल्या जागेवर, कोणतं, आणि माझी संमती आहे. जागेवर खूण केलेली आहे का तेही बघायचं. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ही यादी वापरून पाहिली, त्यात दिल्ली होती. २००९ साली आलेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. यादीत भर यंत्रांवर नव्हता. विचारण्यावर आणि मोठ्याने बोलण्यावर होता. म्हणजे रुग्णाला त्याच्या शरीराचा शेवटचा साक्षीदार म्हणून जगाने मान्य केलंय. मग साक्षीदाराच्या हातातली कागदपत्रं त्यालाच वाचता येऊ नयेत अशा लिपीत का?

तिसरं उत्तर सगळ्यात जास्त चीड आणणारं आहे: ‘या लोकांना लिहून दिलं तरी काय कळणार?’ हे वाक्य मी वेगवेगळ्या आवाजांत ऐकलं आहे, कधी करुणेने, कधी कंटाळून. याचं उत्तर देण्यासाठी मला लांब जावं लागत नाही.

१९७३ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे नागपुरातलं शस्त्रक्रियेचं पदव्युत्तर शिक्षण सोडून आले, डॉ. मंदाकिनी आमटे भूलतज्ज्ञ. अस्वलाने फाडलेले चेहरे, झाडावरून पडून मोडलेली हाडं, सगळं समोर यायचं आणि रुग्ण काय म्हणतोय ते कळायचं नाही. या डॉक्टरांनी तेव्हा काय केलं? माडिया शिकले. ‘आधी यांना मराठी येऊ दे, मग उपचार करू’ असं म्हणाले नाहीत. त्यांना २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१४ साली त्यांच्यावर सिनेमा आला, आणि आपण सगळे हेमलकशाला जाऊन प्राण्यांबरोबर फोटो काढून आलो. फोटोत न येणारी गोष्ट ही, की इथे डॉक्टर रुग्णाच्या भाषेकडे चालत गेला. संपूर्ण भाषा शिकणाऱ्या डॉक्टरांचं कौतुक करणाऱ्या महाराष्ट्रात, स्वतःला येणाऱ्या मराठीत ‘उजवा’ लिहिण्याचा मात्र कंटाळा केला जातो.

दुसरं उदाहरण गडचिरोलीजवळचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ सुरू केली. त्यांनी ३९ गावांतल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झालाय की नाही हे ओळखणं आणि त्यावर उपचार करणं या बायकांनी घराघरांत जाऊन केलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अहवालानुसार तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. बाळ पिणं कमी झालं का, रडणं क्षीण झालं का, अंग ढिलं पडलं का, अशा बोलीतल्या खुणा बघून ते काम झालं. शास्त्र सोप्या शब्दांत सांगितल्याने पातळ होत नाही, हे याच जिल्ह्याने जगाला दाखवलंय. ‘या लोकांना काय कळणार’ म्हणणाऱ्याने निदान जिल्हा तरी बदलून बोलावं.

चौथं उत्तर जरा वेगळ्या गोटातून येतं. मराठीत शब्दच नाहीत, आणि जे आहेत ते इंग्रजीपेक्षा अवघड. यातला दुसरा भाग मला मान्य आहे. परिभाषेच्या नावाखाली ‘समीपस्थ’, ‘पार्श्व’, ‘पश्च’ असे शब्द घडवले गेले. पाठ्यपुस्तकात त्यांचं काम असेल. आजीच्या चिठ्ठीवर काही नाही. ‘डिस्टल’ न कळणाऱ्याला ‘दूरस्थ’ही कळत नाही. एक कुलूप काढून दुसरं लावल्याने दार उघडत नसतं.

पण शब्दच नाहीत हे मात्र धादांत खोटं. मराठीला शरीर आडवं-उभं पाठ आहे. टाळू, मानगूट, काख, बरगडी, कूस, बेंबी, ओटीपोट, जांघ, खुबा, घोटा, टाच. पायाच्या खालच्या भागाची पुढची बाजू सांगायला एक शब्द पुरतो. मराठीत ती नडगी. मागची बाजू पोटरी. दिशा शब्दातच बसलेली आहे. ‘सुपाइन’ म्हणजे उताणा, ‘प्रोन’ म्हणजे पालथा. हे तर तान्ह्या बाळाच्या आईला विचारा. बोटाच्या टोकाचा सांधा ‘डीआयपी’ म्हणण्यापेक्षा नखाजवळचं पेर म्हटलं तर कुणाचं काय बिघडेल? अपेंडिक्स जिथे दुखतं त्याला कागदावर ‘आरआयएफ’ लिहितात. बेंबीच्या खाली उजवीकडे, असं लिहिलं तर ते भूगोलाचा पेपर देणाऱ्या पोरालाही कळतं.

हो, आपल्याकडेही सापळे आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ‘दक्षिण’ म्हणजे दिशाही आणि उजवी बाजूही, कारण पूर्वेकडे तोंड केलं की दक्षिण उजव्या हाताला येते. त्याहून मोठा सापळा आमच्या सीमेवर आहे. इंद्रावतीपलीकडून रुग्ण येतो आणि हिंदीत ‘दायाँ’ म्हणतो. मराठी कानाला ते ‘डावा’सारखं लागतं. अर्थ मात्र नेमका उलटा: हिंदीतला दायाँ म्हणजे आपला उजवा. ज्या दवाखान्यात माडिया, मराठी, तेलुगू, हिंदी आणि छत्तीसगढी एकाच बाकावर बसतात, तिथे नुसता शब्दही पुरत नाही.

म्हणून माझी मागणी शब्दावर थांबत नाही. केसपेपरवर माणसाची दोन छोटी चित्रं असावीत, एक पुढून, एक पाठीमागून, दोन्हींवर ‘उजवा’ आणि ‘डावा’ छापलेलं. डॉक्टरने जागेवर फुली मारायची. छापील कागद बदलायला सरकारला वर्षं लागत असतील तर तोपर्यंत रबरी शिक्का करून घ्या. तालुक्याच्या बाजारात होतो. मारहाणीच्या प्रकरणात जखमा दाखवायला शरीराची अशी आकृती वापरतातच. कोर्टात जाणाऱ्या जखमेला चित्र मिळतं, मग घरी जाणाऱ्या जखमेला का नको? फुलीला भाषा लागत नाही. ती नागपुरातही वाचता येते आणि नदीपलीकडेही.

बाकीच्या मागण्याही साध्या आहेत. बाजू पूर्ण शब्दात, इंग्रजीत आणि मराठीत. डोळ्यांच्या आणि कानांच्या औषधावर ‘ओडी’सारखं एकही लघुरूप नको, कोणत्या डोळ्यात, किती वेळा, किती दिवस, सगळं उघड. पुढच्या दवाखान्याला लिहिलेल्या पत्रात कोणतंही लघुरूप पहिल्यांदा येईल तेव्हा पूर्ण लिहा, नंतर हवं तर छोटं करा. आणि कागद देण्याआधी तो रुग्णाला किंवा बरोबर आलेल्या माणसाला वाचून दाखवा, आणि त्याच्याकडून उलट विचारून घ्या: ‘कोणता डोळा?’ त्याने बोट लावून दाखवलं की झालं.

यातलं काहीही क्रांतिकारक नाही. २०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेने आपल्या नियमांत दुरुस्ती करून औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहा, असं सांगितलं. त्याच नियमावलीत, २००२ पासून, रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्याची कागदपत्रं देण्याचं बंधन आहे. म्हणजे कागद माझा आहे हे तत्त्वतः मान्य झालंय. औषधाचं नाव वाचता आलं पाहिजे हेही मान्य. मग ते औषध कुठल्या डोळ्यात घालायचं हेच तेवढं गुपित कशासाठी?

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, फोन आहे ना, कागदाचा फोटो काढा आणि विचारा. मीही विचारून पाहिलंय. एका लघुरूपाचे पाच-सहा अर्थ स्क्रीनवर येतात, आणि आपला कोणता ते निवडायचं काम पुन्हा आपल्याकडेच येतं. फोनला तुमचा विभाग माहीत नसतो, रुग्णाचा डोळा दिसत नसतो. आणि टेकडी चढल्याशिवाय रेंज येत नाही ते वेगळंच. जे डॉक्टरला लिहिताना नक्की माहीत होतं, त्याचा अंदाज आपण यंत्राकडून का बांधून घ्यायचा?

मराठीत ‘डावलणं’ असं एक क्रियापद आहे, डाव्याशी नातं सांगणारं. समोर असलेल्या माणसाला मोजायचंच नाही, बाजूला सारायचं. दवाखान्याच्या कागदावर लघुरूप लिहिणाऱ्या बहुतेकांच्या मनात तसं काही नसतं, हे मी मानतो. सवय असते, घाई असते, कॉलेजात तसंच शिकलेलं असतं. पण कागद हाती आलेल्या माणसाला मनातलं दिसत नाही. त्याला दिसतं एवढंच, की आपल्याच अंगाबद्दल लिहिलेलं आहे आणि ते आपल्यासाठी लिहिलेलं नाही. मग तो पुढच्या वेळी विचारायचंही सोडून देतो. मान हलवतो, कागदाची घडी घालतो, आणि बाहेर येऊन कुणातरी गुरुजीला शोधतो.

तुम्ही हे फोनवर वाचताय म्हणजे घरातल्या कुणाचा तरी केसपेपर पुढेमागे तुमच्या हातात येणारच. तो आला की खुर्चीतून उठायच्या आधी वाचा. बाजू आणि जागा पूर्ण लिहिली नसेल तर कागद परत पुढे करा आणि म्हणा, ‘डॉक्टर, इथे उजवा की डावा ते शब्दात लिहून द्या.’ आवाज चढवायची गरज नाही. बहुतेक डॉक्टर लिहून देतील. त्यांना कुणी कधी मागितलंच नव्हतं. आजींच्या नातवाने परवा अहेरीला जाताना माझ्याकडून एवढंच एक वाक्य घोकून घेतलं आहे.